हरकती मागवायच्या, उत्तर मात्र द्यायचे नाही!

केंद्र सरकारच्या राजपत्रात एक ठरावीक मजकूर वर्षानुवर्षे छापला जात आहे. सोबतच्या नियमांच्या मसुद्याबाबत ज्या कोणास हरकती अथवा सूचना करावयाच्या असतील, त्याने त्या अमुक दिवसांच्या आत अमुक अधिकाऱ्याकडे लेखी पाठवाव्यात. मुदतीत आलेल्या हरकतींचा सरकार विचार करील, असा त्याचा आशय असतो. मजकूर मोठा सभ्य आहे. वाचणाऱ्यास वाटावे की दिल्लीच्या सचिवालयात कोणी अधिकारी जनतेच्या पत्रांची वाट पाहत बसला आहे. वस्तुस्थिती अशी आहे की तो मसुदा कष्टकऱ्याच्या हाती पडत नाही, पडला तर त्याच्या भाषेत नसतो, आणि एवढे करूनही कोणी हरकत पाठवलीच तर तिचे काय झाले हे त्याला आयुष्यात कळत नाही.

हा प्रश्न वकिलांचा आहे असे समजून अनेक कार्यकर्ते त्याकडे दुर्लक्ष करतात. तो गैरसमज प्रथम दूर झाला पाहिजे. संसद कायदा संमत करते तेव्हा बहुधा त्याचा सांगाडा तेवढा तयार होतो. त्यावर रक्तमांस चढते ते नियमांनी, आणि नियम करते मंत्रालय. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा घेण्यासाठी आणलेल्या २०१९ च्या वेतन संहितेचेच पाहा. कामाचा सामान्य दिवस किती तासांचा, हे संहिता स्वतः सांगत नाही; ते ठरविण्याचा अधिकार ती सरकारला देते. म्हणजे ज्या आठ तासांसाठी १८८६ मध्ये शिकागोच्या कामगारांनी रक्त सांडले, ते आठ तास टिकणार की जाणार, याचा निकाल संसदेतील भाषणांनी लागत नाही. तो राजपत्रातील बारीक अक्षरांच्या एका पोटनियमाने लागतो.

ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने या संहितेखालील नियमांचा प्राथमिक मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात कामाचा सामान्य दिवस नऊ तासांचा लिहिला होता. कामगार संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला. जुलै २०२० मध्ये राजपत्रात आलेल्या मसुद्यात नवाचे आठ झाले. कामगारांच्या दृष्टीने हा विजय आहे. परंतु नऊ तास कोणाच्या सांगण्यावरून घातले गेले, कोणत्या युक्तिवादाने ते काढले, मालकांच्या संघटनांनी काय लिहिले होते, याचा तर्कशुद्ध खुलासा मसुद्यासोबत देण्याचे बंधन मंत्रालयावर नव्हते. ज्या सरकारला कारण सांगावे लागत नाही, ते उद्या आठाचे पुन्हा नऊ करताना तरी कारण कशाला सांगेल?

या बेपर्वाईचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचे २३ वे कलम आजही लागू आहे. एखाद्या कायद्याने नियमांचे पूर्वप्रकाशन आवश्यक केले असेल, तर सरकारने मसुदा प्रसिद्ध करावा, मुदतीची तारीख द्यावी आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती विचारात घ्याव्यात, असे ते सांगते. येथवर ठीक आहे. पुढे त्याच कलमात अशीही तरतूद आहे की पूर्वप्रकाशनानंतर केलेला म्हणून नियम एकदा राजपत्रात छापला गेला, की तो रीतसर केला गेला याचा तो छापच निर्णायक पुरावा होय! आरोपीनेच स्वतःला निर्दोषत्वाचा दाखला द्यावा, असा हा प्रकार आहे. परक्या राजवटीला अशी तरतूद सोयीची वाटली यात नवल नाही. स्वतंत्र भारताच्या एकामागून एक आलेल्या सरकारांनाही ती तितकीच सोयीची वाटावी, हे मात्र लज्जास्पद आहे.

२०१४ च्या आरंभी केंद्रातील सचिवांच्या समितीने कायदेपूर्व सल्लामसलतीचे एक धोरण ठरविले. कायद्याचा वा नियमांचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, त्यातील महत्त्वाच्या तरतुदी सोप्या भाषेत समजावून देणारी टिपणी जोडावी, आलेल्या अभिप्रायांचा सारांश मंत्रालयाने प्रसिद्ध करावा, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. एखाद्या खात्याला ते पाळणे अशक्य वा अनिष्ट वाटले तर कारण नोंदवून त्याला बगल देता येते. ज्याचा भंग केल्याने कोणाचे काहीच बिघडत नाही, अशा नियमाची किंमत नोकरशाहीच्या लेखी किती असते, हे सांगण्याची गरज नाही.

या व्यवस्थेचे खरे स्वरूप २०२० मध्ये उघडे पडले. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा त्या वर्षी ११ एप्रिल रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. देश टाळेबंदीत होता, आणि शहरांतून हाकललेला मजूर उपाशीपोटी गावाकडे चालत निघाला होता. धरण, खाण, बंदर, कारखाना यांना परवानगी देण्यापूर्वी गावकऱ्यांचे म्हणणे कसे ऐकायचे, हे ठरविणारी ही अधिसूचना! जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणणे, परवानगीविनाच सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून नियमित करण्याची वाट मोकळी करणे, असे बदल त्यात होते. आणि तो मसुदा होता फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. ज्याच्या दारातली खाडी जाणार त्या कोकणातल्या मच्छीमाराने, ज्याचे रान जाणार त्या गडचिरोलीच्या गोंड शेतकऱ्याने, परक्या भाषेतील कायद्याचा कीस काढून साठ दिवसांत दिल्लीस हरकत पाठवावी, अशी ही अपेक्षा होती.

दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत मसुद्याचे भाषांतर दहा दिवसांत करण्याचा आदेश दिला. सरकारने काय करावे? मसुद्याची काही पाने बावीस भाषांत उतरविण्याऐवजी ते सर्वोच्च न्यायालयात धावले. राजभाषेचा कायदा इंग्रजी व हिंदी यांपलीकडे कोणतीही सक्ती करीत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा उच्च न्यायालयाकडे धाडले. निवडणुकीत मत मागताना सत्ताधाऱ्यांना प्रत्येक बोली अवगत असते. हरकत मागवताना मात्र त्यांना मराठी परकी वाटू लागते.

या मसुद्यावर लाखो हरकती आल्या. तो आहे तसा पुढे रेटणे सरकारला जमले नाही. परंतु समोरचे दार अडले म्हणून मागचे बंद झाले नव्हते. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढून परवानगीविना चालू असलेल्या प्रकल्पांची प्रकरणे हाताळण्याची कार्यपद्धती घालून दिली. ज्ञापनाला ना मसुदा लागतो, ना मुदत, ना हरकत!

दुसरी एक पळवाट तर नियमातच आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार हरकतींसाठी साठ दिवस द्यावे लागतात. पण ‘सार्वजनिक हितासाठी’ आवश्यक वाटल्यास सरकार ही सूचना देण्याचेच टाळू शकते. २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागू होऊन चारच दिवस झाले असताना, हीच वाट वापरून रस्ते, पाइपलाइन यांसारख्या प्रकल्पांसाठी माती उपसण्यास पूर्वपरवानगीतून सूट देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ही सूट रद्द ठरविली. हरकती न मागवण्याइतके कोणते सार्वजनिक हित आड आले होते, याचे कारण सरकारला दाखवता आले नाही. न्यायालयाने लोकसहभागाचे महत्त्व सांगितले हे चांगलेच झाले. पण मधल्या चार वर्षांत जी माती खणून नेली, ती निकालाने परत येत नाही.

यापेक्षा वेगळी व्यवस्था शक्य आहे काय? भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले पाहिजे. तेथे १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार संघीय सरकारच्या बहुतेक नियमांचे मसुदे राजपत्रात प्रसिद्ध करावे लागतात, कोणालाही त्यावर लेखी मत देता येते, आणि अंतिम नियमासोबत त्याचा आधार व हेतू सांगावा लागतो. महत्त्वाच्या आक्षेपांना उत्तर दिले नाही तर न्यायालये नियम रद्द करतात. मोटारींत अपघाताच्या वेळी प्रवाशांचे आपोआप रक्षण करणारी साधने सक्तीची करणारा नियम रेगन सरकारने १९८१ मध्ये मागे घेतला, तेव्हा पुरेशी कारणे दिली नाहीत म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो निर्णय अवैध ठरविला.

तथापि या व्यवस्थेचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या खटल्यात सरकारला कोर्टात खेचणारी एक विमा कंपनी होती. नुकसान तिच्या तिजोरीचे होत होते. २०१७ मध्ये इंटरनेटच्या समान वागणुकीचा नियम मागे घेण्याच्या प्रस्तावावर दोन कोटी वीस लाखांहून अधिक अभिप्राय आले. त्यांतील सुमारे एक कोटी ऐंशी लाख बनावट होते, असे न्यू यॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने २०२१ मध्ये उघड केले. पंच्याऐंशी लाखांहून अधिक बनावट अभिप्रायांच्या मोहिमेला इंटरनेट कंपन्यांनी पैसा पुरविला होता. जनता विकत मिळत नाही असे दिसताच भांडवलाने जनतेची नक्कल तयार केली! आणि एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी, जे नियम बेकायदा वाटतात ते जनतेचे मत न मागवताच मागे घ्यावेत, असे आदेश खात्यांना दिले. कागदावरच्या हक्कामागे संघटित शक्ती उभी नसेल तर तो किती सहज बाजूला सारला जातो, याचा हा पुरावा आहे.

येथे पुरोगामी वर्तुळातील एका वृत्तीचा समाचार घेणे आवश्यक आहे. ‘अर्ज-विनंत्यांनी का कोठे क्रांती झाली आहे? हरकती पाठवणे म्हणजे या ढोंगाला मान्यता देणे,’ असे काही निष्ठावान कार्यकर्तेही म्हणतात. वरवर ही भूमिका जहाल वाटते. प्रत्यक्षात ती आळसाला तत्त्वज्ञानाचे अस्तर लावते. कार्यकर्ता हरकत पाठवीत नाही म्हणून मालकांची संघटना स्वस्थ बसत नाही. तिचे वकील प्रत्येक पोटनियमावर लिहितात. मैदान सोडणाऱ्याच्या अनुपस्थितीत निकाल लागतोच, आणि तो त्याच्याविरुद्ध लागतो. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. परक्या सत्तेच्या सद्भावनेवर विसंबून त्यांनी ते केले नव्हते. शूद्रातिशूद्रांच्या आणि अस्पृश्यांच्या वतीने बोलणारा आवाज सरकारी दप्तरात नोंदला गेलाच पाहिजे, हा त्यामागील निश्चय होता. चळवळीने रस्ता सोडावा असे यात काहीच नाही. रस्त्यावरची घोषणा आणि दप्तरातली हरकत ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पूर्वप्रकाशनाचा हक्क धोरणाच्या कृपेवर न ठेवता कायद्याने द्यावा. प्रत्येक मसुदा आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत, सोप्या टिपणीसह प्रसिद्ध व्हावा आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी. आलेल्या हरकती, मालक संघटनांच्या धरून, जनतेस पाहावयास मिळाव्यात. त्या फेटाळताना कारणे द्यावीत. १८९७ च्या कलमातील निर्णायक पुराव्याची तरतूद रद्द व्हावी.

कायदा होईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. मसुदा निघताच तालुका शाखेने त्याचा मराठी सारांश करून तो चावडीवर, कारखान्याच्या दाराशी, कोळीवाड्यात वाचावा. हरकत लिहिताना कोणता पोटनियम, त्याने येथे कोणाचे काय नुकसान होईल, आणि त्याऐवजी काय असावे, एवढे तीन मुद्दे पुरेत. हजार छापील सह्या एका वाक्यात निकालात काढता येतात. भट्टीपुढे नऊ तास उभे राहिल्याने काय होते, हे सांगणारे कामगाराचे एक पानही तसे निकालात काढता येत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडावा, पोच घ्यावी, प्रत जपून ठेवावी. नियम अंतिम झाल्यावर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या हरकतीचे काय केले, याची नोंद मागावी. बाधितांना निर्णयाची कारणे देण्याचे कर्तव्य त्या कायद्याच्या चौथ्या कलमानेच शासनावर टाकलेले आहे.

हरकती मागवल्या जातात तोवर त्या पाठवल्या गेल्याच पाहिजेत, आणि पाठवलेल्या प्रत्येक हरकतीचा हिशेब मागितला गेला पाहिजे. राजपत्राचा पुढचा अंक निघेल तेव्हा त्यातील मसुदा पहिल्याच आठवड्यात गावोगाव मराठीतून वाचला जाईल, एवढी तयारी प्रत्येक शाखेने आजपासून करावी.