गाडी विकली, जबाबदारी संपली?

मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतातील मोटारविक्री त्या वर्षाअखेर थांबविण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. दोन्ही वेळी चर्चा झाली ती कामगारांच्या रोजगाराची, विक्रेत्यांच्या नुकसानभरपाईची आणि परकी गुंतवणुकीवर होणाऱ्या परिणामांची. ती रास्तच होती. परंतु कर्ज काढून या कंपन्यांची गाडी घेतलेला सामान्य ग्राहक त्या चर्चेच्या कडेलाच उभा राहिला. सुटे भाग व दुरुस्तीची सेवा पुढेही मिळत राहील, एवढे आश्वासन त्याच्या पदरात पडले. या आश्वासनामागे कायद्याचे बळ किती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रकार नवाही नाही. प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांनी नव्वदीच्या दशकात कल्याण येथे ‘३०९’ ही मोटार तयार केली. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली. दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीने उत्तर प्रदेशातील सुरजपूर येथे आधी सिएलो आणि १९९८ पासून मॅटिझ ही छोटी गाडी काढली. पुढे मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००२ मध्ये जनरल मोटर्सने तिचा मोटार-व्यवसाय ताब्यात घेतला, पण सुरजपूरचा कारखाना त्या व्यवहारातून वगळला गेला आणि मॅटिझचे मालक वाऱ्यावर सुटले. त्याच मॅटिझची पुढची पिढी २००७ मध्ये शेव्हर्ले स्पार्क या नावाने भारतात अवतरली आणि दहा वर्षांनी स्पार्कच्या मालकांनाही तोच अनुभव आला. एकाच घराण्यातील दोन गाड्यांचे ग्राहक असे दोनदा पोरके झाले.

पोरकेपणाचा हा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्याच्या दारी दोन गाड्या आहेत, तो एक विकून मोकळा होतो. शिक्षकाने किंवा कारकुनाने पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेली स्वस्त गाडी ही बहुधा त्याच्या कुटुंबाची एकमेव गाडी असते. कंपनी गेल्याची बातमी येताच तिची पुनर्विक्रीची किंमत कोसळते. हप्ता मात्र एका रुपयाने कमी होत नाही. जिल्ह्याच्या गावातील अधिकृत विक्रेता दुकान आवरतो आणि पुण्या-मुंबईच्या सेवाकेंद्राशिवाय गत्यंतर उरत नाही. तेथेही एखादा सेन्सर वा हेडलाइट ‘मागवला आहे’ या उत्तरावर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. इंजिन कितीही उत्तम असो, भाग मिळण्याची खात्री नसेल तर त्या गाडीचा भरवसा धरता येत नाही. खरेदीच्या वेळी वाचलेले चार पैसे अशा रीतीने दुरुस्तीत आणि खोळंब्यात निघून जातात.

याउलट उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातील तिचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबले. तरीही काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धावत होती. ती काही दोषरहित गाडी नव्हती. पण तिचे यंत्र साधे होते, नाक्यावरच्या मिस्त्रीला ते तोंडपाठ होते आणि तिचे भाग बाजारात खुलेपणाने मिळत होते. नादुरुस्त होणारी, पण चटकन दुरुस्त होणारी गाडी लोकांनी स्वीकारली, सांभाळली आणि तिच्यावर संसार चालविले.

आजच्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. जे भाग अनेक कंपन्यांत समान आहेत, ते कसेबसे मिळतात. फियाटचे १,२४८ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन मारुती आणि टाटा यांच्या गाड्यांतही होते. त्यामुळे फियाट पुंटोच्या मालकाला इंजिनाच्या कामासाठी फारसे अडावे लागले नाही. पण पुढची काच, दिवे, बंपर, दाराची कडी हे भाग त्या त्या गाडीचेच असतात. त्यांच्यासाठी मग कुर्ल्याचा भंगार बाजार किंवा दिल्लीतील मायापुरी पालथी घालावी लागते. त्यातून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची भर पडली आहे. दोष शोधायचा तर कंपनीचा स्कॅनर हवा आणि नवी किल्ली जुळवायची तर कंपनीचा सांकेतिक क्रमांक हवा. मिस्त्रीच्या हातात कसब असते. त्याला अडवते ती कुलूपबंद माहिती.

ही माहिती आणि हे भाग हेतुपुरस्सर अडवून ठेवले जातात, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगानेच काढला आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून चौकशी झाली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे आणि भाग बनविणाऱ्या पुरवठादारांना ते खुल्या बाजारात विकण्यास मज्जाव करणे, हे त्यातील मुख्य आक्षेप होते. कंपन्यांनी या निर्णयाला आव्हान दिले आणि प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश केला आणि त्याच वर्षाअखेर एक संकेतस्थळ उघडले. परंतु संकेतस्थळावर माहिती ठेवणे ऐच्छिक असेल, तर ज्याला ती द्यावयाची नाही, त्याच्यावर बंधन कसले?

येथे शासनाच्या भूमिकेतील विसंगती डोळ्यांत भरते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. महाराष्ट्रासारखे राज्य रस्त्याचा कर पहिल्याच दिवशी एकरकमी वसूल करते. म्हणजे गाडीचे आयुष्य किती, हे करवसुलीच्या वेळी शासनाला नेमके ठाऊक असते. तेवढ्या काळासाठी ती दुरुस्त होण्याजोगी राहावी, ही जबाबदारी मात्र कारखानदारावर टाकलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलाविण्याची तरतूद आली, हे स्वागतार्हच आहे. पण ज्या गाडीत दोष नाही आणि भागच मिळत नाही, तिच्या मालकाला या तरतुदीचा काय उपयोग?

यावर एक आक्षेप घेतला जातो. तोट्यात गेलेल्या कंपनीला जबरदस्तीने बाजारात कसे ठेवणार, आणि अशा अटींमुळे स्वस्त गाडी महाग होणार नाही काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र येथे कोणीही कंपनीने धंदा चालू ठेवावा असे म्हणत नाही. विकलेल्या गाड्यांचे भाग नोंदणीच्या मुदतीपर्यंत मिळण्याची व्यवस्था करावी, आणि ते स्वतःला शक्य नसेल तर साचे, नकाशे व निदानाची माहिती इतरांच्या हवाली करून निघावे, एवढीच अपेक्षा आहे. चाकण, पिंपरी, नाशिक येथील लहानमोठ्या कारखान्यांना असे भाग बनविण्याचे कौशल्य परके नाही. खुली परवानगी मिळाली तर त्यांनाही काम मिळेल आणि नकली मालाला आळाही बसेल. कारण अस्सल भाग दुर्मीळ होतो, तेव्हाच नकलीचे फावते. किंमत थोडी वाढली, तरी ती ग्राहकाला आधी कळेल. आज तो तीच किंमत नंतर आणि कितीतरी अधिक मोजतो.

परदेशांत हा मार्ग अनोळखी नाही. युरोपीय संघाने २००७ च्या नियमांन्वये स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून देणे कारखानदारांवर बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच अशा कायद्याच्या बाजूने कौल दिला. जेथे या कंपन्या असे नियम पाळतात, तेथे त्यांचा धंदा बुडालेला नाही. मग त्याच कंपन्यांकडून भारतीय ग्राहकाने केवळ सदिच्छेची अपेक्षा का बाळगावी?

मोटारीच्या कारखान्याला जमीन, वीज आणि करसवलती देताना शासन लेखी करार करते. त्याच करारात, निघून जाताना ग्राहकांचे काय करणार, याचे एक कलम घालणे अवघड नाही. नव्या कंपन्या, नवी विजेवर चालणारी वाहने आणि नव्या सवलती यांचा हा काळ आहे. यांतील प्रत्येक कंपनी १५ वर्षे टिकेलच असे नाही. तिने विकलेली गाडी मात्र तेवढी टिकावी, असा शब्द शासनाने आजच कायद्यात लिहून घेतला पाहिजे. कारखान्याला टाळे लागल्यावर तो मागण्यासाठी समोर कोणीच उरलेले नसते.