जीव वाचला ना, मग तक्रार कसली?

परवा एका लग्नात आमचे एक व्याही भेटले. "काय सर, तब्येत काय म्हणते?" मी म्हणालो, "बाकी ठीक आहे, पण झोप नाही. रात्री तीनदा उठतो आणि तरी चादर भिजते." त्यांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना! मग पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, जीव वाचला ना, मग तक्रार कसली?"

गेली दोन वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. आज त्याचा समाचार घ्यायचा आहे.

कर्करोगामुळे माझं मूत्राशय काढलं आणि लहान आतड्याचा सुमारे अर्धा मीटर तुकडा घेऊन त्याची नवी पिशवी शिवली. मूळचं मूत्राशय झोपेतही भरू लागलं की वर्दी देतं आणि दाराचा स्नायू आपोआप आवळला जातो. ऑपरेशनात ही वर्दी देणारी तारच जाते. आतड्याला बिचाऱ्याला हे काम कुणी शिकवलेलंच नाही! शिवाय रात्रीची लघवी दाट असली की आतडं तिच्यात आणखी पाणी सोडतं. म्हणजे पिशवी जास्तच भरते. दिवसा मी कोरडा असतो, रात्री नसतो. यात आळस नाही की मनाचा दुबळेपणा नाही. म्हणून उशाशी गजर, दर तीन तासांनी. माझ्याबरोबर सौ.चीही झोप मोडते, ते वेगळंच.

आता सल्ले पाहा. "पाणीच कमी प्या." पाणी तोडलं की आतड्याचा चिकट स्राव साचतो आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. संध्याकाळी सातनंतर मी हात आखडतो, पण दिवसभराचे अडीच लिटर सोडत नाही. "झोपेची गोळी घ्या." गोळीने गजर ऐकू येत नाही, पिशवी तुडुंब होते आणि सकाळी गादी उन्हात! "वयोमानाप्रमाणे चालायचंच." अहो, हे वयाने झालेलं नाही, शस्त्राने झालेलं आहे.

डॉक्टरांचे उपकार मी विसरलो नाही. पण ऑपरेशनआधी त्यांनी काय काय कापणार ते अर्धा तास समजावलं आणि रात्रींबद्दल एकच वाक्य बोलले, "थोडं लीकेज राहील." दुसरा मार्ग पोटावर पिशवी लावण्याचा होता. तिला रात्री नळीने मोठी पिशवी जोडून खाटेशेजारी ठेवली की दर तीन तासांनी उठावं लागत नाही, हे मला नंतर दुसऱ्या एका पेशंटने सांगितलं. कदाचित मी तरीही हाच मार्ग घेतला असता. पण तो मी समजून उमजून घेतला असता! "जीव वाचला ना" म्हटलं की हे प्रश्न विचारायचंच राहून जातं. दारातून आत येणारा पुढचा पेशंटही मग तसाच अंधारात राहतो.

दोष फक्त इतरांचा नाही. पस्तीस वर्षं मी वर्गात उभा राहिलो. करंगळी वर करणाऱ्या पोरांना कितीदा दटावलं, "आत्ताच मधली सुट्टी झाली ना? बस खाली!" एकदा तिसरीतला एक मुलगा बाकावरच ओला झाला. वर्ग हसला. मी हसलो नाही, पण त्यांना थांबवलंही नाही. त्याची मान अजून आठवते, खाली घातलेली. लघवी रोखता न येणं ही शरमेची गोष्ट आहे, हे त्या वर्गाला मीच शिकवलं. आता तोच धडा मला परत मिळतो आहे.

म्हणून मंडळी, आणि विशेषतः आमच्या नातेवाईकांनो, दोनच मागण्या. मंगल कार्यालयात पुरुषांच्या स्वच्छतागृहात झाकणाचा एक डबा ठेवा. पॅड खिशात घालून जेवायला बसावं लागतं, हे तुमच्या ध्यानातही येत नाही. आणि कुणी "झोप नाही" म्हणाला तर थाप मारू नका, "का नाही?" एवढं विचारा. लघवी करणाऱ्यांच्याच जगात राहतो आपण, तो शब्द उच्चारायला काय हरकत आहे?

जीव वाचला, हे खरंच. पण तो जगायला वाचला आहे.

असो. पहाटे चारचा गजर वाजतोय. उठायला हवं.