आधी आंबेनळी, मग मुन्नार

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या महाड-पोलादपूर भागातल्या शाळा-कॉलेजांच्या फळ्यांवर सहलीच्या नोटिसा लागतात. पूर्वी त्यांवर रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर, फार तर पन्हाळा-जोतिबा अशी नावं असत. एसटी शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. आगारात अर्ज गेला की पुढचं सगळं ठरलेलं: पहाटे शाळेपुढे नारळ फुटायचा आणि डबे बांधलेली मुलं खिडक्यांसाठी भांडत गाडीत चढायची. आता नोटिशीवर मुन्नार, उटी, कोडाईकनाल लिहिलेलं असतं. ट्रॅव्हल्सवाला छापील कागद देऊन जातो, मुख्याध्यापक सही करतात आणि सहल ठरते.

मी भूगोल शिकवते. माझं माहेर आणि सासर दोन्ही याच डोंगरातलं. एवढ्या लांब मुलांना कशाला न्यायचं, आपल्याकडे डोंगर कमी आहेत का, असं विचारणारे पालक मला दरवर्षी भेटतात. मी त्यांच्या बाजूची नाही. आमच्या मुलांनी मुन्नारला जावं, जरूर जावं. माझं भांडण आहे ते त्या छापील कागदाशी.

तो कागद नीट वाचा. पहिला दिवस प्रवास. दुसऱ्या दिवशी धबधबा, मसाल्याची बाग, खरेदी. तिसऱ्या दिवशी इको पॉइंट, धरण, बोटिंग, घरगुती चॉकलेटची दुकानं. चौथ्या दिवशी परत, आणि हॉटेलची एक रात्र वाचावी म्हणून घाट रात्री उतरायचा. एवढ्या दिवसांत मुलं मुन्नारच्या एकाही माणसाशी बोलत नाहीत. ज्या डोंगरावर उभी असतात तो कशाचा बनला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. चहाच्या मळ्यात उभं राहून फोटो काढतात आणि मळ्यात वाकलेल्या बायका त्या फोटोच्या कडेला अर्ध्या कापल्या जातात.

महाडच्या मुलांना मुन्नारला जायचं तर आधी उत्तरेला पनवेल गाठावं लागतं. तिथे कोकण रेल्वेची गाडी पकडली की ती आपल्याच वीर-करंजाडीवरून पुन्हा दक्षिणेला धावते. मुलांना याची फार गंमत वाटते. मी त्यांना डाव्या खिडक्यांकडे बसवते, कारण तिथून पुढे दिवस मावळेपर्यंत आणि पुन्हा उजाडल्यावर डावीकडे तोच डोंगर सोबत असतो. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेली ही एकच रांग आहे, हे पुस्तकात एका वाक्यात येतं. गाडीत ते वाक्य रात्रभर चालतं. सकाळी आलुव्याला उतरून बस घाट चढायला लागली की कोणीतरी म्हणतंच, मॅडम, हा तर आपला आंबेनळी घाट. मग मी विचारते, आपला कसा? काय सारखं आहे, काय वेगळं आहे? सहल खरी तिथून सुरू होते.

वेगळं काय, ते हातात घेऊन पाहता येतं. आपल्याकडचा कातळ काळा, बारीक कणांचा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. मुन्नारचा दगड ग्रॅनाइट आणि नाइसचा, कित्येक पटींनी जुना, उन्हात धरला तर आतले कण चमकतात. तिथले डोंगर माथ्याशी गोलसर, गुळगुळीत. रायगडाचा कडा आणि अनैमुडीचा माथा वेगळे का दिसतात, हे ज्या मुलाने दोन्ही दगड हातात घेतलेत त्याला पाठ करावं लागत नाही. २६९५ मीटर उंचीचं अनैमुडी हे पश्चिम घाटातलं सर्वांत उंच शिखर. ते इरविकुलमच्या जंगलात आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात इरविकुलम आहे आणि पोलादपूरहून आंबेनळी चढून पलीकडे गेलं की लागणारं आपलं कास पठारही आहे.

आणि सारखं काय? नीलकुरिंजी. बारा वर्षांनी एकदा फुलणारी, म्हणून तिची ख्याती. २००६ मध्ये फुलली, २०१८ मध्ये फुलली, आता २०३० मध्ये फुलेल. नुसत्या पानांची ती झुडपं पाहून मुलं हिरमुसतात. तेव्हा मी सांगते, ही आपल्या कारवीची बहीण आहे. नुसती एकाच कुळातली नव्हे, एकाच प्रजातीगटातली सख्खी. आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि सुकून जाते. पोलादपूरच्या वाड्यांवरच्या जुन्या घरांचे कुड कारवीच्या काठ्यांचेच, वर शेणमातीचा गिलावा. हे ऐकल्यावर एका मुलीने त्या झुडपाची काठी बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाली, आजीच्या पडवीची भिंत अशाच काठ्यांची आहे. हजार किलोमीटर दूर जाऊन तिला आजीच्या घराची भिंत कळली. यासाठी मी मुलांना लांब नेते.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे. इरविकुलममध्ये पर्यटकांची बस राजमलाला थांबते. त्याच रस्त्याने आणखी पुढे पेट्टिमुडी आहे. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री तिथे डोंगर खाली आला आणि चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळी घेऊन गेला. सत्तर माणसं गेली, बहुतेक तमिळ बोलणारी मजूर कुटुंबं. वीज नव्हती, फोन बंद होते. बाहेरच्या जगाला सकाळ झाल्यावर कळलं. वाटेतला पूल वाहून गेला होता, मदत पोचायला वेळ लागला.

हे वाचताना महाडच्या माणसाच्या पोटात कालवतं, कारण वर्ष भरायच्या आत आपल्याकडे हेच झालं. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्रीने महाड बुडवलं. त्याच दिवशी तळियेच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच दिवशी डोंगर कोसळला. फोन लागत नव्हते, रस्ते पाण्याखाली होते, मदत दुसऱ्या दिवशी पोचली. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते. ही नावं आमच्याकडे कुणाला आठवावी लागत नाहीत. माझ्या वर्गात अशी मुलं बसतात, ज्यांच्या नात्यातली माणसं या गावांत गेली.

एका पालकांनी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, पोरं मजा करायला चाललीत, तिथं मेलेल्यांच्या गोष्टी कशाला?" त्यांना मी सांगितलं तेच इथे सांगते. सहलीची बस पेट्टिमुडीला जात नाही आणि जाऊही नये. दुसऱ्याच्या दुःखाच्या जागी फोटो काढायला जायचं नसतं. पण राजमलाला उभं राहून समोरचा उतार दाखवता येतो. खाली कठीण कातळ, वर मातीचा जाड थर. पाऊस दिवसरात्र कोसळला की पाणी मातीत मुरत मुरत कातळाशी अडतं, तिथला दाब वाढतो आणि अख्खा थर झाडाघरांसकट सुटतो. रस्त्यासाठी, घरासाठी उताराचा पायथा कापलेला असला की तो आणखी लवकर सुटतो. कातळ बसाल्टचा असो की ग्रॅनाइटचा, पाणी दोन्हीकडे हेच करतं. आमची मुलं हे दुरून ऐकणारी नाहीत. त्यांना हे कळलं तर पुढच्या पावसाळ्यात एखादी वाडी वेळेवर रिकामी होईल. जमिनीला नवी भेग पडली, खांब किंवा झाड कलायला लागलं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, घराचं दार अडकायला लागलं, तर घर सोडायचं. ही चार लक्षणं मी मुन्नारच्या वाटेवर मुलांकडून घोकून घेते.

दरडीसारखंच पुराचंही. मुन्नार तीन नद्यांच्या संगमावर वसलंय. आपलं महाड सावित्री-गांधारीच्या काठचं. १९२४ च्या महापुरात मुन्नारची चहाची वाहतूक करणारी छोटी रेल्वे वाहून गेली, ती पुन्हा कधी बांधली नाही. पुराच्या खुणा भिंतींवर मोजत वाढलेल्या महाडच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. चहाचा इतिहास सांगायचा तर असा सांगावा: कुणी जंगल तोडून मळे लावले, कुणाला तमिळ मुलखातून आणून डोंगरउतारावरच्या चाळींत ठेवलं, आणि शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडांवर डोंगर का कोसळला.

आणि त्याच मळ्यांतल्या बायकांनी २०१५ च्या सप्टेंबरमध्ये काय केलं, तेही सांगावं. बोनस आणि मजुरीसाठी हजारो बायका रस्त्यावर बसल्या. पुढारी म्हणून मिरवणाऱ्या संघटनांच्या पुरुषांना त्यांनी दूर ठेवलं आणि स्वतः बोलणी केली. पेंपिळै ओरुमै म्हणून ते आंदोलन ओळखलं जातं. वीस टक्के बोनस त्यांनी मिळवला. चवदार तळ्याच्या गावातल्या मुलींना ही गोष्ट सांगितली की त्यांचे प्रश्न संपत नाहीत. त्या बायकांशी बोलायला आमच्याकडे भाषा नसते हे खरं. तरीही एकदा मळ्याच्या कडेला बस थांबवायला लावली होती. पोलादपूरच्या एका मुलीने पाठीवरची टोपली उचलून पाहू का, असं हातवाऱ्यांनी विचारलं. त्या बाईने टोपली तिच्या पाठीवर दिली. मुलगी लावणीच्या दिवसांत तरव्याच्या मुठी वाहणारी, तिला वजनाचं नवल नव्हतं. तिने त्या बाईच्या हाताकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा हात पुढे केला. दोघी हसल्या. ट्रॅव्हल्सच्या मॅनेजरने घाई केली, कारण मसाल्याच्या दुकानाची वेळ होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मुन्नारच्या आधी आंबेनळी व्हायला हवी. सहलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी एक दिवस आपल्याच तालुक्यात चालावं. पोलादपूरहून एसटीने वर जायचं आणि घाट पायी थोडा उतरायचा. रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत लाव्हाचे थर मोजायचे, दोन थरांमधून पाणी कुठे पाझरतं ते पाहायचं. क्षेत्र महाबळेश्वरहून कृष्णा पूर्वेला निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथलीच सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि थोडक्या अंतरात बाणकोटच्या खाडीत पोचते. पश्चिमेचा उतार किती तीव्र आहे, आपल्या गावांवर पाणी इतक्या वेगाने का येतं, हे या दोन नद्या शेजारी ठेवल्या की लख्ख दिसतं. परतताना उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी डबे सोडावेत. हा सगळा दिवस एसटीच्या सवलतीत होतो.

पैशांचं बोलायलाच हवं. मुन्नारच्या सहलीचा आकडा ऐकून वर्गातली अर्धी मुलं नाव देत नाहीत. वाडीवरची, आईबाप मुंबईला चाकरीला किंवा वीटभट्टीवर असलेली मुलं "मला गाडी लागते" असं कारण सांगतात. मला ते कारण आता ऐकवत नाही. माजी विद्यार्थी, मुंबईतली आमची गावोगावची ग्रामस्थ मंडळं देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी काढतात. प्रत्येक मंडळाने गावातल्या दोन मुलांची सहल उचलली तरी गाडी लागण्याचं कारण वर्गातून जाईल.

आणि सुरक्षितता. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. २८ जुलै २०१८ ला आमच्या आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली, एकच माणूस वाचला. त्या दरीत दोर टाकून उतरलेली माणसं याच भागातली, गावकरी आणि गिर्यारोहक. अशा घटनांनंतर परिपत्रकं निघतात, हमीपत्रांचे नमुने वाढतात. हमीपत्रावर पालकाची सही घेतली म्हणून घाट सोपा होत नाही. रात्री घाट उतरायचा नाही, ही एक अट पाळली तर ती दहा हमीपत्रांहून जास्त कामाची आहे. हॉटेलची एक रात्र वाढते, तेवढा खर्च वाढू द्यावा. त्यासाठी चॉकलेटचं दुकान आणि बोटिंग काढावं लागलं तर काढावं.

सहलीला मंजुरी देताना शिक्षण विभाग गाडीची कागदपत्रं, विमा, संमतीपत्रं तपासतो. तपासावीच. पण त्याच फाइलीत आणखी एक पान सक्तीचं करावं: या सहलीत मुलं काय पाहणार, कुणाशी बोलणार, घाट किती वाजता चढणार आणि उतरणार. ते पान ट्रॅव्हल्सवाल्याने लिहायचं नाही. शाळेच्या भूगोलाच्या शिक्षकाने लिहायचं आणि खाली स्वतःची सही करायची. यंदा माझ्या वर्गाचं पान मी लिहून दिलं आहे. त्यावर पहिल्या ओळीत आंबेनळी आहे, दुसऱ्या ओळीत राजमला, आणि मसाल्याच्या दुकानाच्या वेळेत मळ्यातल्या चाळीजवळच्या शाळेची भेट, तिथल्या शिक्षकांनी परवानगी दिली तर. मुख्याध्यापकांचं उत्तर अजून यायचं आहे.