पशुपतीच्या गावी वाट चुकली तर

भाताची लावणी आटोपली, कपाशीची पहिली खुरपणी उरकली, की घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना यात्रेचे वेध लागतात. काशी झाली, प्रयाग झाले, अयोध्या झाली, मग कुणीतरी म्हणते, एवढे आलोच आहोत तर पशुपतिनाथालाही हात जोडून येऊ. गोरखपूरहून सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळ. व्हिसा लागत नाही, बोली अर्धीमुर्धी कळते, देवही आपलाच. त्यामुळे आपण परदेशात आलो आहोत हे आपल्या बायाबापड्यांच्या ध्यानातच येत नाही. ते ध्यानात येते काही बिघडल्यावर.

आणि परमुलखात बिघडायला वेळ लागत नाही. साधे घड्याळाचेच घ्या. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. यात्राकंपनीचा माणूस सकाळी सहाला गाडी सुटेल म्हणतो, तेव्हा आपल्या मनगटावर पावणेसहा झालेले असतात आणि आपण निवांत चहा घेत बसतो. तिथे शनिवारी कचेऱ्या बंद. पाट्यांवरच्या तारखा विक्रम संवताच्या. हातात शंभराची भारतीय नोट असेल तर तिचे तिथले एकशे साठ होतात, हेही दुकानात गेल्यावरच कळते. मोठ्या नोटांचे नियम तर मधूनमधून बदलतात. २०१८ साली नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांना बंदी केली, तेव्हा कनवटीला पाचशेच्या नोटा बांधून गेलेल्यांची चांगलीच पंचाईत झाली. म्हणून निघण्याआधी बँकेत विचारावे आणि शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

देवावर भार टाकून निघालेल्या माणसाने या गोष्टींत डोके घालावे का, असे काही भाविक विचारतात. ‘त्याने बोलावले आहे, तोच नेईल’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. वाक्य चांगले आहे. पण पेरणीच्या वेळी आपण असे म्हणत नाही. पाऊस देवाच्या हाती म्हणून बियाणे न पाखडता कुणी पेरत नाही. मग यात्रेलाच निघताना ओळखपत्र देव्हाऱ्यावर विसरून का जावे?

आमच्या भागातल्या एका आजींची हकिकत सांगतो. वय सत्तरीचे, गळ्यात माळ, शाळा चौथीपर्यंत. पशुपतीच्या देवळात गर्दी होती. गाभाऱ्याला चारही दिशांना दारे, तशीच लिंगालाही चार दिशांना चार मुखे. आजी एका दाराने दर्शन घेऊन दुसरीकडून बाहेर पडल्या आणि सोबतची मंडळी दिसेनाशी झाली. फोन नातवाच्या खिशात. धर्मशाळेचे नाव आठवेना. खाली बागमतीच्या आर्यघाटावर चिता जळत होत्या आणि आजूबाजूला सगळे अनोळखी चेहरे. आजी पायरीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी आले. मग त्यांनी पाठ असलेले हरिपाठाचे अभंग म्हणायला सुरुवात केली, आणि श्वास जागेवर येईपर्यंत म्हणत राहिल्या.

यापुढचे मला जास्त महत्त्वाचे वाटते. श्वास जागेवर आल्यावर आजी उठल्या आणि पाट्या वाचू लागल्या. नेपाळी भाषा आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, पण अक्षरे ओळखीची निघाली. ‘खानेपानी’ वाचले, तिथे पाण्याचा नळ होता. ‘औषधि पसल’ वाचले, काचेमागे गोळ्या दिसल्या, म्हणजे पसल म्हणजे दुकान. आणि पुढे एका पाटीवर ‘प्रहरी’ असे लिहिलेले दिसले. प्रहरी म्हणजे पहारेकरी, एवढे कीर्तन ऐकणाऱ्या बाईला कळणारच. नेपाळात पोलिसाला प्रहरी म्हणतात. आजी सरळ त्या चौकीत गेल्या. तिथल्या तरुण शिपायाने त्यांना ‘आमा’ म्हणून बसायला दिले. आमा म्हणजे आई.

आजींच्या चंचीत सुपारीबरोबर एक चिठ्ठी होती. निघताना यात्रेच्या आचाऱ्याने प्रत्येकीला एकेक लिहून दिली होती. धर्मशाळेचे नाव, तिच्या जवळची खूण, आणि गाडीवाल्याचा नंबर. चिठ्ठी मराठी हस्ताक्षरात होती, पण त्या शिपायाने ती धडाधडा वाचली. तासाभरात नातू धावत आला. घरी आल्यावर सुनेने विचारले, ‘आत्या, भीती नाही वाटली?’ तर म्हणाल्या, ‘वाटली की गं. पण मी तिथंच बसून राहिले असते, तर पांडुरंगानं तरी मला कुठं शोधायचं?’

त्या चिठ्ठीला काय खर्च आला? काही नाही. पण आचाऱ्याच्या डोक्यात जे आले ते गाडीच्या मालकाच्या डोक्यात आले नव्हते, हे नमूद करतो.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून देवावरच्या भरवशाविषयी लिहिणे म्हणजे वाचकांची फसवणूक होईल. २३ ऑगस्ट २०२४ रोजी, ऐन श्रावणात, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची एक बस तनहुँ जिल्ह्यात रस्ता सोडून मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. बसमधली माणसे आपल्या जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळकडची. पंचवीसहून अधिक जण गेले. नेपाळचे जवान आणि पोलीस त्या कड्यावरून खाली उतरले, जखमींना काठमांडूच्या रुग्णालयात हलवले. गेलेल्यांचे देह हवाई दलाच्या विमानाने महाराष्ट्रात आणावे लागले. एकेका घरातली दोन दोन माणसे.

त्या लोकांचा देवावर भरवसा नव्हता काय? देवाच्याच वाटेवर होते ते. अशा वेळी गावातला एखादा शहाणा म्हणतो, काहीतरी पूर्वजन्मीचे असेल. दुसरा म्हणतो, बघा, देव असता तर वाचवले नसते का? मला दोघांचाही राग येतो. पहिला मेलेल्यांवर आळ घेतो आणि दुसरा त्यांच्या घरच्यांच्या हातातला उरलासुरला आधार काढून घेतो. २०१५ सालच्या २५ एप्रिलच्या भूकंपातही असाच हिशेब लोक मांडत होते. ७.८ तीव्रतेच्या त्या धक्क्याने धरहरा मनोरा कोसळला, ज्या लाकडी मंडपावरून काठमांडूला नाव मिळाले तो काष्ठमंडपही जमीनदोस्त झाला, पण पशुपतीचे मुख्य देऊळ उभे राहिले. देवाने आपले घर राखले, असे लोक कौतुकाने सांगतात. नेपाळात जवळजवळ नऊ हजार माणसे त्या भूकंपात गेली. त्यांच्या घरांचे काय, हे विचारल्यावर सांगणारा गप्प होतो. देऊळ उभे राहिले याचा मलाही आनंद आहे, पण त्यातून हिशेब काढू नये.

भरवसा म्हणजे विम्याची पावती नव्हे. माझ्या समजुतीने तो एवढ्यासाठी असतो, की जे होईल ते होताना माणसाचे डोके ठिकाणावर राहावे, हात दुसऱ्याच्या उपयोगी पडावेत, आणि परक्याने दिलेला हात घेताना लाज वाटू नये. भूकंपाच्या त्याच दिवशी भारताने ‘ऑपरेशन मैत्री’ सुरू केले आणि हवाई दलाची विमाने काठमांडूत उतरू लागली. मदत घेऊन गेलेली विमाने परतताना अडकलेल्या आपल्या लोकांना घेऊन आली. ज्यांच्या तोंडी सारा वेळ नाम होते, त्यांना ते विमान देवानेच पाठवले असे वाटले असेल. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

पण श्रावणातल्या त्या अपघातातून एक गोष्ट आपण शेतकऱ्यांनी शिकलीच पाहिजे. आपल्याला यात्रेला सवड मिळते ती खुरपणी आणि सुगी यांच्या मधे, म्हणजे श्रावण-भाद्रपदात. नेमक्या त्याच महिन्यांत नेपाळच्या डोंगरातले रस्ते सर्वांत वाईट असतात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि पावसाने सुटलेल्या दरडी. त्याच वर्षी १२ जुलैला चितवन जिल्ह्यात दरडीने दोन बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या होत्या. तेव्हा पोखरा-काठमांडू करायचेच असेल, तर दिवाळीनंतर, नाहीतर रब्बीचे पीक घरात आल्यावर जा. देव बारा महिने तिथेच असतो. आणि पावसाळ्यात गाडीवाला रात्री डोंगर उतरतो म्हणाला, तर त्याला खुशाल अडवा. चारचौघींनी मिळून ‘आम्ही गाडीत बसत नाही’ म्हटले की गाडी हलत नाही.

मागे घरी राहतात त्यांच्याविषयीही लिहायला हवे, कारण त्यांची कसोटी जास्त कडक असते. सप्टेंबर २०२५ मध्ये, पितृपक्ष नुकताच लागला होता, तेव्हा काठमांडूत तरुणांचे आंदोलन भडकले. ८ तारखेला गोळीबारात माणसे मेली, ९ तारखेला पंतप्रधानांनी राजीनामा दिला, संसदभवन आणि सिंहदरबार पेटवले गेले. संचारबंदी लागली. विमानतळ बंद झाला तो १० तारखेच्या संध्याकाळी उघडला. आपल्याकडचे किती तरी यात्रेकरू लॉजच्या खोल्यांत बसून होते, महाराष्ट्रातलेही होते. आणि इकडे गावात म्हातारी दिवा लावून बसलेली, मुलगा दर पाच मिनिटांनी फोन लावतोय, टीव्हीवर धूर दिसतोय.

अशा वेळी घरच्यांनी एक करावे. प्रत्येकाने वेगवेगळा फोन लावू नये. तिकडच्या फोनची बॅटरी त्यानेच संपते. भावकीतल्या एकाने तिकडच्या एकाशी बोलावे आणि बाकीच्यांना निरोप द्यावा. गेलेल्यांची नावे, वये, ओळखपत्रांचे नंबर, कोणती औषधे चालू आहेत, असा कागद घरी ठेवलेला असावा. आपली वकिलात काठमांडूत लैनचौर भागात आहे. त्या दंगलीत वकिलातीने मदतीचे फोन नंबर जाहीर केले होते. कागदपत्रे हरवली तर आधी प्रहरीकडे नोंद करावी आणि तो कागद घेऊन वकिलातीत जावे. परतीच्या प्रवासापुरता कागद तिथे करून मिळतो.

ओळखपत्राचे तेवढे नीट ऐका. विमानाने नेपाळला जायचे तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. पंधरा वर्षांखालची मुले आणि पासष्टीच्या वरचे वृद्ध यांना त्यात सूट असते, पण त्यांच्याजवळही फोटो असलेले ओळखपत्र हवेच. गुंतागुंत नको असेल तर मतदार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स, एक पिशवीत, एक अंगावरच्या कपड्यात. नेपाळात पोलिसांचा नंबर १०० आणि रुग्णवाहिकेचा १०२. ज्याच्या त्याच्या फोनवर हे लागेलच असे नाही, कारण आपले सिमकार्ड तिकडे मुद्दाम चालू करून घेतल्याशिवाय मुके असते. त्यामुळे कुणा दुकानदाराला फोन लावून द्या म्हणायला लाजू नका. पुरुष असेल तर ‘दाइ’ म्हणा, बाई असेल तर ‘दिदी’. दाइ म्हणजे तिकडे थोरला भाऊ. आपल्याकडच्या सुइणीचा काही संबंध नाही, तेव्हा हसू आवरून म्हणा.

त्या आजी यंदा पुन्हा निघाल्या आहेत, आता मुक्तिनाथाला, दिवाळी करून मग. चिठ्ठ्या यावेळी त्यांनी स्वतः लिहून घेतल्यात, गाडीतल्या छत्तीसही जणांच्या. आचाऱ्याचीही एक आहे.