ठिणगी कुठे अडली?

एखादी जुनी वस्तू बंद पडली की आपण पटकन म्हणतो, ‘आता हिच्यात काही राम राहिला नाही.’ पण खरंच तसं असतं का?

आज भेटू या अमेरिकेतल्या एका जुन्या यंत्राला. होडीच्या मागच्या कडेला अडकवायचं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकीत अशा मोटरी विकायला सुरुवात केली. १९५० च्या दशकातल्या एव्हिनरूड आणि जॉन्सन मोटरी तिथले हौशी लोक आजही तळ्यावर चालवतात.

यातल्या बऱ्याच मोटरींना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. दोरी ओढली की फ्लायव्हीलमधलं चुंबक फिरतं, पॉइंट्स उघडतात, कॉइलमध्ये जास्त दाबाची वीज तयार होते आणि प्लगवर ठिणगी पडते. कंडेन्सर पॉइंट्सना जळण्यापासून वाचवतो. यातला एक भाग रुसला, तरी मोटर मुकी!

मग तपासायचं कसं?

सोपं आधी: पॉइंट्सवर गंज किंवा तेलाचा थर असेल तर आधी तो स्वच्छ करा. अनेक मोटरींत पॉइंट्समधलं अंतर ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात.

डोळ्यांनी बघा: त्या काळातल्या कॉइलचं आवरण वयामुळे तडकतं. गंमत म्हणजे मल्टीमीटर अशा कॉइललाही ‘पास’ करू शकतो, कारण मीटरची वीज अगदी कमी दाबाची असते. खऱ्या दाबाची वीज मात्र त्या तड्यातून निसटते.

अदलाबदल करा: दोन सिलिंडरच्या मोटरीत एकाच बाजूला ठिणगी नसेल, तर दोन्ही कंडेन्सरांची जागा बदला. दोष त्यांच्यासोबत दुसऱ्या बाजूला गेला, तर चोर सापडला! नाही गेला, तर निदान नवा कंडेन्सर घ्यायचे पैसे वाचले.

एक मात्र विसरू नका. काही भाग थंड असताना शहाण्यासारखे वागतात आणि गरम झाले की दगा देतात. म्हणून दुरुस्तीनंतर मोटर आधी उघड्या जागी, पाण्याने भरलेल्या पिंपात गरम होईपर्यंत चालवतात. तळ्याच्या मधोमध ती बंद पडली, तर हातात फक्त वल्हं उरतं.

तुमच्या माळ्यावरचा जुना पंखा किंवा मिक्सर भंगारात देण्याआधी एवढंच विचारा: अख्खी वस्तू बिघडली आहे, की तिचा एक छोटासा भाग?