लाल मुंगीला पावडर नको, आधी मावा बघा



परवा भेंडी तोडायला आलेल्या मावशी अर्ध्या सरीतून परत फिरल्या. हातापायाला लाल मुंग्या डसलेल्या, दुसऱ्या दिवशी फोड आले. "भाऊ, त्या कोपऱ्यात मी नाही येणार," म्हणाल्या. चूक त्यांची नाही, माझी. वारूळ दिसत होतं, मी आज-उद्या करत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी सगळे करतात तेच मीही केलं होतं. दुकानातून पावडर आणली, बांधावर धुरळली. चार दिवस शांत, मग दोन सऱ्या पलीकडं नवी भोकं. वरच्या मुंग्या मेल्या, राणी खाली जिवंत. शेवग्याखाली चरणाऱ्या दोन कोंबड्या मात्र गेल्या. तेव्हापासून भाजीच्या प्लॉटात मुंगीसाठी विषारी पावडर नाही म्हणजे नाही.

हळद, खडू यानं मुंगी वाट बदलते, मरत नाही. रवा खाऊन फुगून मरते हेही खोटं. मोठ्या मुंगीला घट्ट अन्न गिळताच येत नाही, ती ते अळ्यांना भरवते.

मला जमलं ते उकळतं पाणी. ऊन जरा चढलं की अंडी-अळ्या उबेला वर आणलेल्या असतात, तेव्हा एका वारुळाला 10-12 लिटर, सावकाश. आधी काठी-फावडं लावू नका, राणीला घेऊन हलतात. एका पाण्यात सगळी वारुळं संपत नाहीत, दहातली सहा धरा. बाकीच्यांना परत. पिकाच्या मुळाशी मात्र ओतायचं नाही, आणि पाणी नेताना झाकणाचं भांडं घ्या, पाय भाजतील.

पण हे अर्धंच काम. मुंगी भेंडीवर येते ती माव्याच्या गोड चिकट्यासाठी, आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलून लावते. मावा ठेवून मुंगी मारणं म्हणजे जेवणावळ चालू ठेवून पाहुण्यांना नको म्हणणं. म्हणून संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क, पानाच्या खालून. सीताफळाला पिठ्या ढेकूण असेल तर खोडाला प्लास्टिकची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा, सालीला थेट नको. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंगीला तोच पूल.

कोकणातल्या मंडळींनो, काजूवर पानं शिवून राहणारी लाल मुंगी वेगळी. चावते खरी, पण ढेकण्या खाते. तिला राहू द्या.

आज त्या कोपऱ्यातल्या वारुळाला दुसरं पाणी घातलं. परवा उकरून बघतो, मग मावशींना बोलावतो.