आपल्या पत्राला कुलूप हवे



पूर्वी घरी पत्र आले की आधी लखोटा पाहत. तो कोणी फोडला असेल तर लगेच कळे. आज डॉक्टरांचा अहवाल, बँकेचा हिशेब, महाराष्ट्रातील ओळखीच्या माणसांशी होणारे बोलणे, सारे संगणकावरून व मोबाईलवरून जाते. वाटेत कोणी ते चोरून वाचले तर कागद फाटत नाही की खूण उरत नाही.

हे संदेश बेटाबाहेर जातात ते समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलांतून. दक्षिण आफ्रिकेहून कोचीन व पेनांगकडे जाणारी 'सेफ' केबल आपल्या दक्षिण किनाऱ्यावर बे द्यु जाकोते येथे वर येते. तेथे संदेश टिपणारे यंत्र बसवू देण्यास सांगितले गेले, असा आरोप २०२२ मध्ये झाला. तत्कालीन पंतप्रधानांनी तो नाकारला. ती केवळ सुरक्षेसाठी केलेली पाहणी होती, असे ते म्हणाले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेकांची टेलिफोनवरील खासगी संभाषणे जगजाहीर झाली. कोणाचे खरे, कोणाचे खोटे, हा वाद आम्ही येथे करीत नाही. पण धडा घ्यायलाच हवा.

केबलीवर पहारा ठेवणे आपल्या हाती नाही; पत्राला कुलूप लावणे आहे. त्या कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात. साधा फोन व साधा एसएमएस कंपनीच्या यंत्रात उघडाच असतो. सिग्नल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश मात्र फक्त दोन टोकांना उघडतो. तरी त्याची जपून ठेवलेली प्रतही कुलूपबंद आहे ना, हे पाहावे. बँकेचा पासवर्ड दुसरीकडे वापरू नये.

हेच कुलूप वाटेत उघडण्याची सूचना एप्रिल २०२१ मध्ये आपल्या दूरसंचार प्राधिकरणाने मांडली होती. समाजमाध्यमांवरची सारी ये-जा एका यंत्रातून न्यायची, तेथे उलगडायची, साठवायची, अशी ती योजना. जनतेने विरोध केला, गूगल व मोझिला यांनीही हरकत घेतली, आणि तसा कायदा झाला नाही.

गुन्हेगार पकडायला हे हवे, असे काही जण म्हणतात. न्यायाधीशाच्या हुकुमाने एका संशयिताची चौकशी व्हावी, त्याला आमची ना नाही. पण एका चोरासाठी गावातल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या चौकीत जमा करायच्या का? शिवाय ती पेटी एकदा फुटली की किल्ल्या चोराच्याच हाती!

आपल्या १९६८ च्या राज्यघटनेचे १२ वे कलम नागरिकाच्या पत्रव्यवहारात ढवळाढवळ होऊ नये असे सांगते. मोबाईलवरचा संदेश हाही पत्रव्यवहारच आहे. अशी सूचना पुन्हा आली तर आपल्या मंडळांनी गप्प बसू नये, लेखी हरकत नोंदवावी. आणि तोपर्यंत घरातल्या तरुणांनी आजी-आजोबांच्या मोबाईलला ही कुलपे लावून द्यावीत, एवढीच आमची विनंती.